तोंडचं वजन आणि वहीतलं वजन

अहो, काटा मारलातच ना शेवटी?

आज बारावा दिवस. उद्या तेराव्याचं जेवण. बाहेर मांडववाल्याची ठोकाठोक चाललीय आणि मी आतल्या खोलीत मयुरीच्या अर्ध्या कोऱ्या वहीत तुम्हाला हे लिहीत बसलेय. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटतंय मी पाहुण्यांची यादी करतेय. वाटू दे. तुमच्याशी भांडायचं राहिलंय ते मी चार बायांसमोर कशाला भांडू?

एकवीस वर्षं तुम्ही साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर बसलात. उसाने भरलेली ट्रॉली तोलायची, ऊस उतरला की तीच ट्रॉली रिकामी तोलायची, वजाबाकी करायची, पावती फाडून द्यायची. आणि मी पुणतांब्याच्या ऊसवाल्याची लेक. काट्यावरचा माणूस काटा मारतो, दहा टन ऊस असला तर नऊच दाखवतो, हे आमच्या तात्यांनी मला अक्षरओळखीच्या आधी शिकवलं होतं. आणि पुढे त्याच तात्यांनी मला काट्यावरच्याच माणसाला दिलं. "पोरगा निर्व्यसनी हाय," म्हणाले, "पन पावती तेवढी नीट वाचत जा." मी आयुष्यभर वाचत राहिले.

तुम्ही हसायचात. "सुमन, तुझ्या पुढ्यात देव उभा राहिला तर तू त्याचंबी आधार कार्ड मागशील." मागेनच. आजकाल कोण कुणाच्या रूपात येईल सांगता येतं का?

मागच्या वर्षी, मयुरी अकरावीला असताना, तुमचा शर्ट धुवायला घेतला तर खिशात एक चिठ्ठी. काट्याच्या रद्द पावतीचा तुकडा. त्याच्या पाठीवर तुमचं ते बारीक, सरळ अक्षर. वर एक इंग्रजी शब्द, खाली त्याचा उच्चार मराठीत, 'एमिअबल', आणि त्याखाली: 'मनमिळाऊ, गोड स्वभावाची. पोस्टातल्या मॅडम.'

माझ्या हातातला साबणच निसटला. तुम्ही चहा पीत होतात. मी ओली चिठ्ठी तुमच्या बशीत ठेवली. "ही मनमिळाऊ कोण?"

"शब्द हाय गं तो."

"शब्द आहे ते दिसतंय. पोस्टातल्या मॅडम तिथं काय करतायत?"

तुमचा चेहरा असा झाला की माझी खात्रीच पटली, कुठंतरी पाणी मुरतंय. त्यातच त्याच आठवड्यात तुम्ही मागच्या मोरीपाशी फोन कानाला लावून उभे. मी दाराआडून ऐकलं तर फोनमधून बाईचा आवाज! ती एकच काहीतरी बोलायची, की तुम्ही तिचंच बोलणं तिला परत ऐकवायचात, तेही इतक्या लाडाने की माझ्याशी कधी बोलला नाहीत. मी सरळ जाऊन फोन हिसकावला. ती बाई थंडपणे पुन्हा तेच म्हणाली. मयुरी धावत आली आणि हसून हसून जमिनीवर बसली. "आई, ती डिक्शनरी आहे! उच्चार सांगते ती!"

तेव्हा मला तुमचं दोघांचं कारस्थान कळलं. पोरीला बारावीनंतर वकिलीला जायचं होतं. इथल्या नाही, देशभरातून मुलं येतात त्या मोठ्या कॉलेजात. त्याची प्रवेश परीक्षा सगळी इंग्रजीत, आणि मयुरी दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली. उतारा वाचायला बसली की दर ओळीत दोन शब्दांना अडायची. क्लास लावायचा तर नगरला, रोज तिथवर कोण नेणार? म्हणून तुम्ही ठरवलं की शब्द आपणच घालायचे. बी.कॉम. दुसऱ्या वर्षाला सोडलेला माणूस पोरीला इंग्रजी शिकवणार! मी दहावीला इंग्रजीत दोनदा आपटलेली, मला काय कळणार म्हणून मला सांगितलंच नव्हतं. हे मात्र मला लागलं होतं, अहो. तेव्हा बोलले नाही, आता बोलते.

तुमची रीत मात्र न्यारीच. "नुसता पाठ केलेला शब्द उडून जातो," तुम्ही म्हणायचात. "गावातल्या मानसाच्या गळ्यात बांधला की तो रोज आपल्या दारावरून जातो." मग अख्ख्या पुणतांब्याच्या गळ्यात तुम्ही इंग्रजी बांधलंत. फ्रुगल म्हणजे काटकसरी, ती तुमची आत्या, उदबत्तीसुद्धा अर्धी मोडून लावणारी. ऑब्स्टिनेट म्हणजे हट्टी, ते आमचे दिगंबरभाऊजी, तुमचे सख्खे धाकटे भाऊ. भाऊजी अंगणात आले की मयुरी तोंडाला ओढणी लावायची. भाऊजी विचारायचे, "का हसती ही?" तुम्ही गंभीरपणे सांगायचात, "अभ्यास चाललाय तिचा."

सगळ्या चिठ्ठ्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. मी एकदा विचारलं, "मी कुठल्या शब्दात आहे?" तुम्ही दोघांनी एकमेकांकडं बघितलं. तुम्ही म्हणालात, "तुझा शब्द अजून आला न्हाई." चोराच्या मनात चांदणं. मी त्या क्षणी ओळखलं की आलाय आणि लपवलाय.

परीक्षाही तुम्ही काट्यासारखीच घ्यायचात. आठवडाभर शिकलेले शब्द त्या रविवारी विचारायचेच नाहीत. पंधरा दिवस जाऊ द्यायचे, मग डब्यातून चाळीस काढायचे. "भरलेली ट्रॉली तोलून काय कळतं? रिकामी झाल्यावर परत तोलली की मग ऊस किती ते कळतं." मयुरी खाटेवर, तुम्ही खुर्चीत, मांडीवर वही. ती तुम्ही कुणाला बघू द्यायचा नाहीत. झालं की पिशवीत घालून कारखान्यावर न्यायचात, तिथल्या खणात ठेवायचात. मी म्हटलं, घरात काय चोर आहेत? तुम्ही पिशवीची गाठ मारायचात. आणि प्रत्येक रविवारी तोंडाने आकडा सांगायचात. सव्वीस. अठ्ठावीस. सत्तावीस. चाळिसात तीसच्या वर पोरगी कधी गेलीच नाही.

सुरुवातीला ती जिद्दीनं पेटायची. दिवाळीनंतर मात्र विझत चालली. सकाळी पाचला उठणारी पोर सातपर्यंत लोळायला लागली. एकदा भांडी घासता घासता मला म्हणाली, "आई, माझ्या डोक्यालाच भोक असेल. कितीही भरलं तरी तेवढंच राहतं." मला भडभडून आलं. आणि माझा संशय जागा झाला, कारण मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. मला इंग्रजी येत नाही, पण पोर अडखळली की न अडखळता बोलली, एवढं आईला कळतं. ती फार अडखळत नव्हती.

तो शेवटचा रविवार. तुम्ही म्हणालात, "एकोणतीस." मयुरी उठली आणि जेवण न करता आत गेली. दोन रविवारांवर परीक्षा आलेली. दाराची कडी लावून म्हणाली, "मी नाही देणार परीक्षा. इथंच बी.ए. करते."

मी तुमच्या ताटात भाकरी वाढली आणि विचारलं, "काटा मारताय ना?"

"काय?"

"पोरगी लांब जाऊ नये, तुमच्या डोळ्यांपुढं राहावी, म्हणून वजन कमी लावताय. मला काय कळत नाही? आमच्या तात्यांनी तुमच्यासारखे काटे आयुष्यभर बघितलेत."

तुम्ही घास ताटात परत ठेवलात. रागावला असतात तर बरं झालं असतं. हळूच म्हणालात, "माझा काटा खरा हाय, सुमन."

मी म्हटलं, "असं सगळेच म्हणतात."

हेच माझं तुमच्याशी शेवटचं बोलणं. त्यानंतरचे पाच दिवस मी फक्त "डबा भरलाय" एवढंच म्हणत होते. सोमवारी डबा भरलाय, मंगळवारी डबा भरलाय. शुक्रवारी डबा घेऊन गेलात आणि दुपारी काट्यावरच्या खुर्चीत बसल्या बसल्या गेलात. बाहेर ट्रॉल्यांची रांग लागलेली. त्यांनी डबा परत आणून दिला तो उघडलेलासुद्धा नव्हता. मेथीची भाजी होती, तुमच्या आवडीची. मी अबोला धरला होता, पण भाजी तुमच्या आवडीचीच करत होते. हे तुम्हाला कळलं होतं का, एवढंच मला विचारायचंय. कुणाला विचारू?

सहाव्या दिवशी काट्यावरचे तुमचे जोडीदार नाना आले. हातात पिशवी. मला वाटलं आता हा माणूस कुठंतरी सही मागणार. सुतकातल्या बाईला गाठून लोक काय काय करून घेतात! मी आधीच सांगितलं, "नाना, मी कशावर सही करणार नाही." नाना कसनुसे झाले. "वैनी, सही न्हाई. त्यांच्या खनातलं सामान हाय."

तुमचा चष्म्याचा जुना डबा, एक कंगवा, ती वही आणि घडी घातलेला एक कागद.

नाना गेल्यावर मी वही उघडली. तुम्ही तिथंही पावतीसारखे रकाने आखलेले. वार, विचारलेले शब्द, आलेले शब्द. शेवटच्या रविवारसमोर, विचारलेले चाळीस, आलेले सदतीस. त्याच्या आधीच्या रविवारी छत्तीस. त्याआधी पस्तीस. मी पानं उलटत गेले. तोंडाने सव्वीस, वहीत चौतीस. तोंडाने अठ्ठावीस, वहीत छत्तीस. एक रविवार सुटलेला नाही.

म्हणजे माझा संशय खरा होता! एकवीस वर्षं मी तुम्हाला रंगेहाथ पकडायची वाट बघत होते आणि पकडलं तेव्हा तुम्ही नव्हतात. मी वही पदराखाली धरून मोठ्याने रडले. आत बसलेल्या बायांना वाटलं मला तुमची आठवण आली. मला तुमचा राग आला होता, अहो. पोरगी महिनोन्‌महिने स्वतःला बिनडोक समजत राहिली, ती तुमच्यापायी.

पण वहीवर तरी विश्वास कसा ठेवायचा? मी ताकही फुंकून पिणारी. कुणास ठाऊक, वहीतला आकडा खोटा आणि तोंडचा खरा असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी मयुरीला म्हटलं, "बस खाटेवर." ती म्हणाली, "आई, सुतकात अभ्यास करत नाहीत म्हणे." मी म्हटलं, "हा अभ्यास नाही, वजन आहे." डबा आणला. डोळे मिटून चाळीस चिठ्ठ्या काढल्या. इंग्रजी नाही तर नाही, उच्चार तुम्ही मराठीत लिहिलाच होता. मी तुमच्या खुर्चीत बसले, शब्द वाचायचे, ती अर्थ सांगायची, मी तुमच्या अक्षराशी ताडून बघायचे. रिलक्टंट, नाखूश. कँडिड, मोकळेपणाने बोलणारा. टॅसिटर्न, अबोल, त्याच्यापुढे तुम्ही 'मी' एवढंच लिहिलेलं.

एकविसावी चिठ्ठी माझी निघाली. 'स्केप्टिकल. संशयी, पुराव्याशिवाय न मानणारी. तुझी आई.' त्याच्याखाली दुसऱ्या पेनाने, नंतर कधीतरी लिहिलेलं: 'वाईट अर्थाने घेऊ नये.'

मयुरी घाबरून माझ्याकडं बघायला लागली. मी म्हटलं, "पुढचा."

चाळिसात सदतीस.

मग मी वही तिच्या हातात दिली. तिने पानं उलटली, आणि मला वाटलं होतं रडेल, तर ती चिडली. "मग मला का नाही सांगितलं? मला वाटायचं मी ढ आहे, आई! का केलं पप्पांनी असं?" मला कुठं माहीत होतं? जाताना नाना एवढं म्हणाले होते, तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नव्हता, "त्यो म्हनायचा, मला लहानपनी सगळ्यांनी हुशार हुशार म्हनून डोक्यावर घेतलं, म्हनून मी अर्ध्यात थांबलो. पोरीला पुरं वजन सांगितलं तर तीबी थांबंल." आता हे तुम्ही खरंच म्हणाला होतात, की मेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणून नानांनी जुळवलं, देव जाणे. आणि म्हणाला असलात तरी मला ते पटलेलं नाही. पोर काय तुमची ट्रॉली होती? जरा तिच्या तोंडाकडं बघायचं होतंत. हे भांडण आपलं राहिलं. मी वर आले की पहिलं हेच काढणार आहे.

पण तो घडी घातलेला कागद. तो मी सगळ्यात शेवटी उघडला.

रजेचा अर्ज. परीक्षेच्या रविवारची एक दिवसाची रजा, कारण: 'मुलीस परीक्षेस घेऊन जाणे.' खाली साहेबांची मंजुरीची सही. आपल्या त्या भांडणाच्या आठवडाभर आधीची.

हंगामात काट्याला रविवार नसतो, हे मला कुणी सांगायला नको. ऊस तुटलेला असतो, गाड्या येतच असतात. एकवीस वर्षांत तुम्ही हंगामात एक रजा घेतली नाहीत. मयुरी झाली तेव्हा तिसऱ्या दिवशी आलात. आमचे तात्या गेले तेव्हा मातीला तेवढे येऊन पाळीवर परत गेलात, आणि त्यावरून मी तुम्हाला आठ वर्षं टोमणे मारले. त्या माणसाने हंगामात रजा मागून घेतली होती, पोरीला लांब धाडायच्या परीक्षेसाठी. आणि मी तुम्हाला म्हटलं होतं की तुम्ही तिला अडवताय. अहो, चुकले मी. एवढंच तोंडावर बोलायचं होतं.

आता पंचाईत अशी की परीक्षेचा रविवार म्हणजेच तुमचा दहावा. दिगंबरभाऊजी पिंडाला बसणार होते, गोदावरीचा घाट तर आपल्या दारातच. मी त्यांना सांगितलं, "मी आणि मयुरी सकाळच्या गाडीनं केडगावला जातोय. तिचं सेंटर तिथं आलंय." भाऊजींचा आवाज चढला. "वैनी, बापाचा दहावा सोडून पोरगी परीक्षेला? आन्‌ तुमी सुतकात येस्टीनं फिरनार? गाव काय म्हनंल? न्हाई, हे जमायचं न्हाई." ऑब्स्टिनेट.

मी वाद घातला नाही. रजेचा अर्ज त्यांच्या हातात दिला. भाऊजींनी तो वाचला, परत वाचला. त्यांच्या लग्नालासुद्धा तुम्ही अक्षता टाकून पाळीवर पळाला होतात, ते विसरतील होय?

"हंगामात?" एवढंच म्हणाले.

"हंगामात. मंजूर झालेली. आता त्यांची रजा वाया घालवायची का, भाऊजी?"

भाऊजींनी उपरण्याने डोळे पुसले. "जा. मी बघतो हितलं."

गेलो. घाटावर माझ्या बांगड्यांचं काय करायचं ते ठरवून बसलेल्या बायांना मीच सापडले नाही, हाही एक फायदा. मयुरीने एसटीत डबा मांडीवर धरला होता, पण एकही चिठ्ठी काढली नाही. केडगावच्या त्या कॉलेजच्या दारात बाकीच्या पोरांचे बाप उभे होते. ती आत जाताना मी तिला "नीट लिही" म्हणाले नाही. "वहीतलं लक्षात ठेव" म्हणाले.

मी समोरच्या झाडाखाली बसले आणि भाऊजींचा फोन आला. "वैनी, कावळा शिवला."

"किती वेळात?"

"लगीच. पिंड ठेवला आन्‌ शिवला."

मला संशय आहे, अहो. तुम्ही इतक्या लगेच कशाला मोकळे व्हाल? भाऊजींचा आवाज जरा जास्तच गोड होता. माझं मन राखायला थापा मारत असतील. गर्दीत कुणीतरी बघितलं असेलच, तेराव्याला चौकशी करावी, असं मी मनाशी ठरवलं.

सुटल्यावर पोरांचा लोंढा बाहेर आला. बाकीची एकमेकांना उत्तरं विचारत होती. मयुरी सगळ्यात मागून आली, ओठ घट्ट मिटून. अगदी तुमच्यासारखे मिटलेले ओठ. त्या तोंडावरून मला आयुष्यात कधी काही वाचता आलं नाही.

"इंग्रजीचे किती बरोबर येतील?" मी विचारलं.

"एकोणतीस."

मी तिच्या तोंडाकडं बघत राहिले. मग विचारलं, "हे तोंडचं का वहीतलं?"

दहा दिवसांत पहिल्यांदा ती हसली. "तोंडचं."

वहीतलं किती ते मी विचारलं नाही. आणि भाऊजींची चौकशीही मी उद्या करणार नाही. कावळा लगेच शिवला म्हणतात ना, मग शिवला असेल.